ज्योत्स्नाचे सरगुंडे

राजापेठेत माझ्या घरासमोरच्या दुमजली घरात ज्योत्स्ना सून म्हणून आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. माहेर अंजनगाव सुर्जीचं. वडील देवराव यांचा पानमळा होता. पोर सावळी, कमी बोलणारी, पण सरगुंडे करायला बसली की बघत राहावं. भिजवून मळलेल्या रव्यातून ती सुतासारखी बारीक तार ओढायची, काडीवर गुंडाळायची आणि अंगठ्याने हलकेच सरकवून काडी मोकळी करायची. पोकळ वेटोळं तेवढं मागे राहायचं. उन्हात वाळवून ठेवायचे आणि अक्षय तृतीयेला उकडून आमरसासोबत खायचे. मी शाळेत शिकवायचे, सगळी गल्ली मला बाई म्हणते. आयुष्यात मला एक सरगुंडा धड जमला नाही.

लॉकडाऊनमध्ये तिचा नवरा गजेंद्र ज्या शिकवणी वर्गात कारकून होता तो वर्ग बंद पडला. ज्योत्स्नाने दोन किलो रवा भिजवला. पहिलं गिऱ्हाईक मीच. दुसऱ्या उन्हाळ्यात पुण्या-नागपूरहून फोन येऊ लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात घरची गच्ची पुरेना म्हणून शेजारची भाड्याने घेतली. गजेंद्रने नोकरी शोधणं सोडून दिलं. तो खोकी बांधून कुरिअरला द्यायचा आणि चौकात 'आपला धंदा' कसा चाललाय ते सांगायचा. पाकिटावर ज्योत्स्नाचा फोटो होता. डोक्यावर पदर, हातात काडी.

त्याच पावसाळ्यात तिच्या उजव्या हाताच्या बोटावर पांढरा ठिपका उठला. दिवाळीपर्यंत दोन्ही पंजांवर डाग पसरले. कोड होतं. डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं की हे कोणाला लागत नाही, अन्नातून तर मुळीच नाही, काम खुशाल चालू ठेवा.

"डाक्टरचं काय जाते बोलायले?" सासू मैनाबाई म्हणाल्या. "खाणारे लोक डाक्टर हायेत का?"

हातमोजे घालून पाहिले. रबराला पीठ चिकटायचं आणि तार तुटायची. मग मैनाबाईंनी पाकीटच बदललं. त्यावर धाकटी सून करिश्मा आली, लाल साडीत, हातभर बांगड्या घालून. तिला सरगुंडा येत नव्हता. फोटोपुरती अर्धी गुंडाळलेली काडी ज्योत्स्नानेच तिच्या हातात दिली. नाव झालं 'करिश्मा गृहउद्योग'. ज्योत्स्नाला न्हाणीशेजारची बिनखिडकीची खोली मिळाली. गिऱ्हाईक आलं की मैनाबाई त्या खोलीला बाहेरून कडी घालायच्या.

एकदा मे महिन्यात बडनेऱ्याच्या दोन बायका आल्या आणि चहा पीत गप्पा मारत बसल्या. ज्योत्स्ना दोन तास आत कोंडलेली होती. त्या गेल्यावर कडी काढली तर ही दारातच कोसळली. मी धावत गेले. मैनाबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिने डोळे उघडले, तशा त्या म्हणाल्या, "पीठ झाकून ठेवलं का वं?"

मी भांडले नाही. रोजचा शेजार होता.

संधी पाहून मी तिला विचारलं, "काहून सहन करतेस गं?"

"खुशीची दहावी हाय, बाई. धंदा चालला पायजे. फोटो कोनाचाई असो."

खुशी तिची एकुलती एक मुलगी.

त्या हिवाळ्यात गावात महिला गटांचं प्रदर्शन भरलं. करिश्माला बक्षीस जाहीर झालं. निवेदिका म्हणाली, "ताई, लोकांना एकदा करून दाखवा." करिश्मा मंचावर बसली. पहिली तार तुटली. दुसरी तुटली. तिसरीला लोक हसायला लागले. खोकी पोचवायला आलेली ज्योत्स्ना स्टॉलमागे उभी होती. लांब बाह्यांचं ब्लाऊज, हातांवर ओढलेला पदर. पिठाचे असे हाल तिला बघवले नसावेत. ती मंचावर चढली, बाह्या मागे सारल्या आणि म्हणाली, "सरक इकडं."

एकामागून एक अकरा सरगुंडे तिने काढले. एकदाही तार तुटली नाही. लोकांनी मोबाईल वर केले, टाळ्या पडल्या. मग पुढच्या खुर्चीवरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई! हिच्या हातांना काय झालंय?"

टाळ्या थांबल्या. मैनाबाई लगबगीने पुढे झाल्या. "कामवाली हाय ते. आजच आली. खायच्या वस्तूले आमी तिले हात लावू देत नाई."

त्या बाईला खात्री पटली नाही. तिने स्टॉलवर उभ्या असलेल्या खुशीला विचारलं, "होय का गं? कोण आहे ही?"

खुशीने आईकडे पाहिलं. ज्योत्स्नाही तिच्याकडेच बघत होती.

"कामवाली मावशी आहे," खुशी म्हणाली.

गजेंद्रने ज्योत्स्नासमोरचं सरगुंड्यांचं ताट उचललं आणि सगळ्यांदेखत कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी उठून एक वाक्य बोलले असते तर पुरे झालं असतं. मी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिले.

ज्योत्स्ना तिथून घरी गेली नाही, बसस्टँडवर गेली. अकोल्याला तिची बालमैत्रीण चंदा राहत होती. चंदाने गच्चीवरची पत्र्याची खोली दिली.

मला वाटायचं, आता तिच्या सासरच्यांचा धंदा बसेल. तसं काहीच झालं नाही. गजेंद्रने यंत्र आणलं. माल दुप्पट निघायला लागला, रस्त्यावर दुकान झालं, करिश्माचा फोटो मोठ्या फलकावर लागला. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. पुढच्या अक्षय तृतीयेला मीही त्यांचंच पाकीट आणलं. वाटी संपत आल्यावर आठवलं, हे यंत्राचे आहेत. तरी वाटी पुरती संपवली.

अकोल्यात पुन्हा सरगुंडे विकायला घेताना ज्योत्स्नाने एकच नियम केला. दारात आलेल्या प्रत्येकाला आधी हात दाखवायचे. "पाहून घ्या. हे कोड हाय, लागत नाई. पटलं तर बोला." बहुतेक लोक वळून जायचे. हात दाखवायच्या आधीच चव घेतलेल्या एका बाईने तोंडातला घास तिच्या उंबऱ्यावर थुंकला. प्रदर्शनातला व्हिडिओ कोणीतरी 'सावधान' असं लिहून अकोल्याच्या ग्रुपांवर फिरवला, आणि उरलेली चार घरंही तुटली. चंदा म्हणाली, "माह्या नावानं ईक." ज्योत्स्नाने ऐकलं नाही. दोन उन्हाळे तिने चंदाच्या खानावळीत पोळ्या लाटून काढले.

तिसऱ्या वर्षी गोपाल नावाचा लग्नाच्या पंगती करणारा आचारी चंदाकडे जेवायला आला. त्याने सरगुंडा खाल्ला, हात पाहिले, पुन्हा खाल्ला. "मले सगळ्या सीझनचे पायजे," म्हणाला. "लोकाइचं मी पाहून घेतो." तिथून धंदा उभा राहिला. आज तिच्याकडे आठ बायका कामाला आहेत, तीन गच्च्या आहेत, आणि पाकिटावर तिचंच नाव आहे. बायका तिला घाबरतात. जाड तार काढली म्हणून तिने एकीला भर सीझनमध्ये काढून टाकलं. ती बाई पाया पडली तरी तिने परत घेतलं नाही.

गेल्या मे महिन्यात एका लग्नाला मी अकोल्याला गेले होते. तिथे पंगतीला गोपालच आचारी होता; त्याच्याकडून हे सगळं ऐकलं आणि पत्ता घेऊन सकाळीच तिच्या गच्चीवर चढले. ज्योत्स्नाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली. बायकांच्या रांगेत शेवटी एक मुलगी बसली होती, एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या ओढून. ती खुशी होती.

"मार्चात आली," ज्योत्स्ना म्हणाली. "कोपराले ठिपका दिसला. आजीनं बॅग भरली अन् बसमधी बसवून देलं."

"आणि गजेंद्र?"

"तो दुकानात होता म्हने. गिऱ्हाईक होतं."

तेवढ्यात एक नवरा-बायको जिना चढून आले. घरी लग्न होतं, पन्नास किलोची चौकशी होती. त्यांना पाहताच खुशी उठून पाण्याच्या टाकीआड गेली.

"खुशी, इकडं ये."

ती आली.

"बाह्या वर कर."

"आई, नको न. पाया पडतो तुह्या."

"कर."

खुशीने बाह्या दुमडल्या. ज्योत्स्नाने आपला पंजा तिच्या कोपराशेजारी धरला. "हे माही पोरगी. हे कोड हाय, लागत नाई. आमच्या दोघीइच्या हाताचं पटत असंल तर बोला."

त्या बाईने नवऱ्याच्या शर्टाची बाही ओढली. "फोनवर सांगतो," तो म्हणाला, आणि दोघं खाली उतरले. खुशी उभ्या उभ्या हुंदके द्यायला लागली. बाकीच्या बायका मान खाली घालून तारा ओढत राहिल्या.

"ज्योत्स्ना, लेकरू आहे गं," मी म्हणाले. "जरा सवय तरी होऊ दे."

"मले कोनं देली सवय, बाई?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

मग तिने पोरीच्या हातात गोळा आणि काडी दिली. "बस. रडत रडत कर. पन बाह्या खाली नाई करायच्या." खुशी बसली. तिने तार ओढली, ती वीतभरातच तुटली. ज्योत्स्नाने काडी हिसकावून तिच्या बोटांवर सपकन मारली आणि काडी परत तिच्या हातात दिली.

"पुन्हा."

खुशीने डोळे पुसले नाहीत. नाक ओढलं, गोळा बोटांत धरला आणि पुन्हा तार ओढायला घेतली.