चांदीचा जॅग्वार आणि उकडलेली अंडी

साल दोन हजार पाच-सहा असेल. परदेशात, माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंनी देव घासायला काढले आणि त्यांच्याबरोबर माझा जॅग्वारही घासून टाकला.

जॅग्वार म्हणजे चांदीची वीतभर मूर्ती. फार जुन्या मेक्सिकोतल्या दगडी कोरीव कामावरून घडवलेली, मोजक्याच नगांपैकी एक. जबडा उघडा, डोक्यावर पिसांचा मुकुट आणि अंगभर बारीक नक्षी. त्या नक्षीच्या खोबणीत कारागिरानं मुद्दाम काळेपणा धरवला होता. त्याच्यामुळेच तर पिसं न् दात उठून दिसायचे. मी पापाकुऱ्याच्या औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होते, पगार माझा होता आणि ही मूर्ती मी कुणाला न विचारता घेतली होती. नवरा म्हणायचा, "चांदीचं मांजर पाळलंयस." संग्राहकांच्या क्लबात मी नवी, एकटी देशी बाई. शनिवारी त्यांचं हॉलमध्ये प्रदर्शन होतं, बघणाऱ्यांच्या मतांवर एक बक्षीस होतं आणि ते मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.

कामावरून आले तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी जॅग्वार, कपाळावर कुंकू आणि नव्या वाटीसारखा लख्ख. एकही पीस धड दिसेना.

"नृसिंह ना गं हा? केवढा काळा पडू दिला होतास," सासूबाई म्हणाल्या. "चिंच झाली, दंतमंजन झालं, शेवटी टूथब्रश घेतला."

मी तिथंच कार्पेटवर बसून रडले. मग चिडले. "आई, तो काळेपणाच त्याची शोभा होती. आता काय डोंबल घेऊन जाऊ प्रदर्शनात?" त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा निम्मा राग तिथंच गेला. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "परत काळा नाही का करता येणार?"

येणार होता. चांदी काळी व्हायला गंधक लागतं आणि घरच्या घरी ते मिळतं उकडलेल्या अंड्यातून. पण सासूबाई राहायला आल्यापासून आमच्याकडे अंडं येत नव्हतं; केकसुद्धा मी पाकीट वाचून आणायचे. मी त्यांना तसं सांगितलं आणि म्हटलं, जाऊ दे. त्या उठल्या, रबरी जँडल्स पायात सरकवल्या, इथं डेअरी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेल्या आणि डझनभर अंडी घेऊन आल्या. नाकाला पदर लावून स्वतः उकडली. "भांडं मात्र नंतर टाकून द्यायचं," एवढंच बोलल्या.

अंडी कुस्करून जॅग्वारबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवली. घरभर तो वास. लेक "ग्रॉस, मम्मी" म्हणत नाक दाबून अंगणात पळाली. संध्याकाळपर्यंत जॅग्वार आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळाकुट्ट झाला. आता उंचवटे तेवढे उजळायचे होते. मी फडकं उचललं. ते सासूबाईंनी माझ्या हातातून घेतलं. अंगठ्यानं, एकेक पीस, खोबणीला जरासुद्धा धक्का न लावता. जन्मभर देव घासलेला हात तो.

प्रदर्शनात एक जुने संग्राहक म्हणाले, मूळचा रंग गेला म्हणजे मूर्तीची किंमत गेली. मी म्हटलं, जाऊ दे, आणि झाला प्रकार त्यांनाच काय, येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला, चिंचेपासून अंड्यांपर्यंत. सासूबाई काठापदराच्या साडीत शेजारी उभ्या. मी सांगायचे आणि अंगठा कसा फिरवला ते त्या हवेत करून दाखवायच्या. लोक हसायचे, परत वाकून बघायचे, आणखी कुणाला तरी ओढून आणायचे. आमच्या टेबलापुढची गर्दी काही हटेना.

बक्षीस जॅग्वारला मिळालं. माझं नाव पुकारलं, मी पर्स सावरत उठतेय तोवर सासूबाई निम्म्या वाटेवर पोचल्याही होत्या, आणि मी अख्ख्या हॉलसमोर टाळ्या वाजवत त्यांच्या मागून चालत गेले.