शनिवारपर्यंत थांबवलेला फॉर्म

आमच्या भोईवाड्याच्या कट्ट्यावर गेली सात वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. वडाळ्याचा एक नावाजलेला कबड्डीपटू आमच्या मंडळाकडून खेळणार होता, सगळं ठरलं होतं, आणि ऐन वेळी त्यानं आम्हाला टांग मारली. ही गोष्ट खोटी आहे. त्यानं टांग मारली नव्हती. त्याचा सही केलेला फॉर्म माझ्या कपाटात पडून होता. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो. तो माणूस अजून वडाळ्यातच राहतो आणि अजून लोक त्याला पळपुटा म्हणतात. त्याच्यावरचा हा आळ काढायचा, एवढ्यासाठी लिहितो आहे.

ज्यांना आमच्या खेळातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जिल्ह्याच्या स्पर्धांत खेळाडू एका मोसमात एकाच मंडळाकडून खेळतो. मंडळ बदलायचं तर जुन्या मंडळानं हरकत नाही म्हणून लिहून द्यावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत नव्या मंडळाचा फॉर्म जिल्हा संघटनेत जावा लागतो. मुदत टळली की वर्ष गेलं.

त्या वडाळेकरानं आम्हाला लागोपाठ दोन वर्षं हरवलं होतं. उंचीनं बेताचा, अंगानं काटक. चढाईला आला की आधी निम्मं मैदान नुसतं चालायचा, बाजारात भाजी बघत फिरावं तसा. आमचे कोपऱ्यावरचे खेळाडू त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे आणि त्याचा अंगठा कधी शिवून गेला ते पंचांच्या शिट्टीवरून कळायचं. कर्णधारपदावरून त्याचं त्याच्या मंडळाशी बिनसलं आणि तो मोकळा झालाय ही बातमी आली, तेव्हा कट्ट्यावर दोन आठवडे दुसरा विषय नव्हता.

आमच्या कट्ट्याचे दोन मुख्य वक्ते. एक बँकेतून निवृत्त झालेला माझा मित्र, दुसरा मूळचा मालवणचा, आता आमच्यासारखाच म्हातारा, पण एके काळचा आमचा जबरदस्त पकडपटू.

बँकवाला म्हणायचा, "घ्यायचाच त्याला. टीव्हीवर बघ. हरयाणाची पोरं कुठल्या कुठल्या शहराचा शर्ट घालून खेळतात. कोण विचारतो तुझी चाळ कुठली म्हणून?"

"ता टीव्हीवर," मालवणी म्हणायचा. "हय भायरचो इलो काय घरचो उपाशी रवता."

"उपाशी काय? गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आलो आपण. घरचं जेवून."

"मेल्या, तुका कबड्डी कळता काय? जल्मभर शिक्के मारलंस."

"शिक्के मारले म्हणून विचारतो. आपला रेडर लागोपाठ तिसरी रेड घालतो तेव्हा तू डोळे मिटून का बसतोस रे?"

ते खरं होतं.

आपला रेडर म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा. त्याचे वडील लवकर गेले. त्याला मैदानात पहिल्यांदा मी उभा केला. दम कसा धरायचा, मागच्या पायावर वजन कसं ठेवायचं, पट काढायला, म्हणजे पाय धरायला, कोणी वाकला की कुठे बघायचं, हे सगळं माझ्याकडून शिकला. नऊ नंबरचा शर्ट त्याचा. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. चढाईत थोडा जड झाला होता, पण दहा वर्षं त्यानं एकट्यानं संघ ओढला होता. वडाळेकर आला की हा राखीव खेळाडूंत बसणार, हे मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं. मला स्वतःचं मूल नाही. एवढं सांगितलं की पुरे.

मंडळाच्या सभेत हात वर करून मतं घेतली. बहुतेक हात वर गेले. मालवणीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. आमच्या रेडरचा हातही वर होता आणि तो सगळ्यांत आधी वर गेला होता. मला वाटलं, पोरगा मन मारतोय. मोठेपणा दाखवतोय. त्याला मी विचारलं नाही. आपल्या माणसाच्या मनातलं आपल्याला कळतं, विचारायचं काय, अशी माझी समजूत.

मंगळवारी वडाळेकर सही करायला आला. जुन्या मंडळाचं पत्र त्यानं घडी न घालता, वहीत ठेवून आणलं होतं. सही करून झाल्यावर त्यानं विचारलं, "काका, शर्टाचा नंबर कुठला देणार?"

"बघू," मी म्हणालो.

"नऊ सोडून कुठलाही द्या. नऊ त्यांचा आहे." मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "एका कंपनीच्या संघाची निवड आहे यंदा. निवड झाली की नोकरी. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. जिल्ह्यात चार सामने चांगले पडले तर बोलावतील."

म्हणजे मला माहीत होतं. मला काही ठाऊक नव्हतं असं कोणी माझ्या बाजूनं म्हणू नये.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. नवा खेळाडू घेतला की त्याचा फॉर्म शनिवारी चाळीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या पायाशी ठेवायचा, नारळ फोडायचा, कागदाच्या कोपऱ्याला शेंदराचं बोट लावायचं आणि मगच तो संघटनेत न्यायचा. शेंदराचा डाग बघून तिथला कारकून म्हणायचा, "आला भोईवाडा." त्या वर्षी मुदत शनिवारी पाचपर्यंत होती. गुरुवारी कारकुनाचा मला फोन आला. शनिवारी कार्यालय बंद राहणार आहे, मुदत वाढणार नाही, काय असेल ते शुक्रवारी आणा. मी बरं म्हणालो आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही.

शुक्रवारी दुपारी बँकवाल्यानं विचारलं, "दिलास का रे फॉर्म?"

"उद्या शनिवार आहे. मारुतीसमोर ठेवल्याशिवाय आजवर आपला एक तरी फॉर्म गेलाय?"

त्यानंच संध्याकाळी नारळ आणून ठेवला.

शनिवारी सकाळी नारळ फोडला, शेंदूर लावला. मी फॉर्म प्लास्टिकच्या फाइलीत घालून दादरला गेलो. कार्यालयाला कुलूप होतं. असणारच होतं. समोरच्या टपरीवर चहा घेतला, अर्धा तास उभा राहिलो आणि परत आलो. मी गेलो नाही असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून गेलो होतो.

कट्ट्यावर सगळे वाट बघत होते. "झालं?"

"नाही झालं."

"का? त्यानं कच खाल्ली?"

इथे मला दोन शब्दांत खरं सांगता आलं असतं. अर्धं खरं, म्हणजे कार्यालय बंद होतं, एवढं सांगितलं असतं तरी त्याच्या नावाला बट्टा लागला नसता. मी फाइल काखेत दाबली आणि म्हणालो, "त्याचं काही खरं दिसत नव्हतं."

एवढंच बोललो. संध्याकाळपर्यंत ते लालबागला पोचलं, दुसऱ्या दिवशी वडाळ्याला. लालबागच्याच कुठल्याशा मंडळाला त्यानं आतून शब्द दिला होता, ही भर वाटेत कोणीतरी घातली.

त्याला मी फोनवर सांगितलं की मुदत संपली, आपला इलाज चालला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही धावपळ केलीत, तेच खूप झालं." नंतर तो लोकांना मुदतीचं सांगायचा, पण लोक म्हणायचे, आता बहाणा करतोय. जुन्या मंडळानं त्याला परत घेतलं नाही. ते वर्ष तो मैदानाबाहेर बसला. कंपनीचं बोलावणं आलं नाही. पुढे तो वडाळ्याच्या एका पार्सलच्या गोदामात लागला.

आणि आमचा रेडर? त्याच मोसमात उपांत्यपूर्व सामन्यात आम्ही मागे होतो. चढाईला पाठवायला दुसरं कोणी नव्हतं. सलग तिसऱ्यांदा तोच गेला. घोटा पकडला गेला, शरीर पुढे गेलं आणि गुडघा मागे राहिला. तो परत खेळला नाही. आता संघाला शिकवतो आणि जिना उतरताना कठडा धरतो.

हे सगळं मी सात वर्षं पोटात ठेवलं. चिटणीसपद सोडलं, वय झालं म्हणून सांगितलं. परवा, या मोसमाच्या तोंडावर, शीवचा एक खेळाडू घ्यायचा विषय निघाला. कट्टा परत पेटला. तेच दोघं, तेच वाद, आवाज मात्र थोडे बसलेले.

"पण आधी नीट चौकशी करा," बँकवाला म्हणाला. "वडाळ्यासारखं नको. नारळ मी आणला होता तेव्हा."

आमचा रेडर बाजूला उभा होता. म्हणाला, "त्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त राग आहे. माझा गुडघा तेव्हाच गेला होता. डॉक्टरला दाखवून आलो होतो, कोणाला बोललो नव्हतो. तो येणार म्हणून मी सभेत पहिला हात वर केला. त्यानं निम्म्या चढाया घेतल्या असत्या तर मी अजून दोन वर्षं खेळलो असतो."

मी कट्ट्यावरून उठलो आणि परत बसलो. मग सगळं सांगितलं. गुरुवारचा फोन, कुलूप, चहा, फाइल.

मालवणी म्हणाला, "मेल्या, मारुतीक मधी घातलंस?"

आमचा रेडर निघून गेला. त्या रात्री मला वाटलं, आता तो माझ्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. सकाळी त्यानं दार वाजवलं. आत आला नाही. "चपला घाला, काका. वडाळ्याला जायचंय."

"माझ्यासाठी केलंत ना?" टॅक्सीत त्यानं एकदाच विचारलं.

"हो."

"मला विचारायचं होतंत." पुढे वडाळा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

वडाळेकरानं आम्हाला घरात घेतलं, पाणी दिलं. केस थोडे पिकलेत, बाकी तसाच काटक आहे. मी सगळं सांगितलं. झाल्यावर त्यानं माझ्याकडे नाही, आमच्या रेडरकडे बघितलं. "गुडघा कसा आहे?"

"चालतोय."

मग माझ्याकडे वळला. "तुम्हाला माफ वगैरे मी आत्ता काही म्हणत नाही. ते मला जमलं तर जमेल. पण माझ्या मंडळासमोर येऊन हे सांगा. माझ्या लोकांनी मला सात वर्षं कार्यक्रमाला बोलावलेलं नाही. आणि लिहूनही द्या. नुसतं तोंडी सांगितलंत तर उद्या कोणीतरी म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. नाव नका घालू माझं. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

म्हणून या लिखाणात कोणाचंच नाव नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या मैदानावर गेलो. वीस-पंचवीस माणसं होती, आणि कडेला सरावाला आलेल्या मुली थांबल्या होत्या. त्यांचे जुने अध्यक्ष, माझ्याच वयाचे, खुर्चीत बसले होते. मी उभा राहून सांगितलं. खुर्ची घेतली नाही. एक-दोघं चिडून काहीतरी पुटपुटले आणि ते मला ऐकू आलं. ऐकायलाच गेलो होतो.

मग अध्यक्ष म्हणाले, "तुमचं तुम्ही सांगितलंत. तो आमच्याकडे परत आला होता. त्याच आठवड्यात. याच मैदानावर उभा राहून म्हणाला होता, मुदत हुकली, मला घ्या. सोडलेला खेळाडू परत घ्यायला जुन्या मंडळाला विशेष परवानगीचा अर्ज करता येत होता. मी म्हणालो, जा तुझ्या भोईवाड्याला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुम्ही लिहिणार आहात ना? मग हेही लिहा."

वडाळेकर मागे, मैदानाच्या कडेला उभा होता. अध्यक्षांनी त्याला हात करून पुढे बोलावलं. तो लगेच आला नाही. आधी त्यानं आमच्या रेडरला बसायला खुर्ची दिली, आणि मग सावकाश, नुसतं चालत, मैदान ओलांडून त्यांच्याकडे गेला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं अध्यक्षांनी त्याच्या हातात सरावाची शिट्टी दिली आणि सरावाला थांबलेल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या.