निपाणीला कॉइल बसवून येताना

कंग्राळीतून अण्णा आणि मी निघालो तेव्हा वहिनी दारात आल्या; सुहास आला नाही. सुहास माझा पुतण्या, अण्णाचा मुलगा. अण्णा माझा थोरला भाऊ. सत्तरी ओलांडली, हाताला कंप आहे, तरी आपली जुनी पेट्रोल गाडी रोज बाहेर काढतो.

ती अलीकडं सारखी बंद पडायची. जुन्या गाडीत डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आत पॉइंट असतात, आणि त्यांच्यातली बारीक फट हातानं जुळवावी लागते. अण्णा ती लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घालून जुळवायचा. आता बोटं ऐकेनात. शेवटी घरात ठरलं, निपाणीला जाऊन ठिणगीला वीज देणारी नवी कॉइल आणि कंट्रोलर बसवायचा, म्हणजे पॉइंटच नकोत. त्यानंतरही गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर सुहास ती विकणार आणि अण्णा चकार शब्द काढणार नाही.

आदल्या संध्याकाळी सुहासनं मला एकट्याला गाठलं. "काका, ती बंदच पडू दे. एक दिवस कुणाच्या तरी अंगावर घालतील बाबा." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गप्प राहून लोकांना हवं ते समजू द्यायचं, ही माझी जुनी खोड.

हायवेला थंड वारा होता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हरभऱ्याचे तुकडे. हत्तरगीपर्यंत गाडी दोनदा आचके देऊन थांबली. संकेश्वरला चहा आणि मिरची भजी घेतली. भज्यांपेक्षा सोबतची चटणीच तिखट होती. टपरीवाला गाडीकडं बघत म्हणाला, "आजोबा, गाडी द्यायची हाय काय?"

"तू टपरी देतोस काय? भजी तुझी बंद पडल्यात," अण्णा म्हणाला.

तो हसला आणि आणखी दोन भजी ताटलीत टाकून गेला.

तवंदीचा घाट उतरलो आणि निपाणीत शिरताना वखारींतल्या तंबाखूचा वास आला. रफिक मिस्त्रींचं गॅरेज बाजाराच्या मागं. एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भांडत होते, आम्हाला बघून मराठीत हसले.

"या अण्णा. आज तुमचं पॉइंट रिटायर."

"मला बी करतोस का काय?"

"तुमाला कोण करणार? वहिनींनाच जमलं न्हाय."

पॉइंट निघाले, त्यांच्या जागी डेल्कोत एक इवलासा सेन्सर बसला. जाड तारांची नवी कॉइल लागली आणि बॉनेटखाली कडेला कंट्रोलर, म्हणजे कधी ठिणगी सोडायची ते ठरवणारा काळा डबा. त्याची तार एका प्लास्टिकच्या क्लिपनं जोडली. क्लिप 'टक्' वाजल्याशिवाय बसली असं समजू नका, असं मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं. अण्णा मान वाकडी करून ऐकत राहिला. "लई गप चालतंय रं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

परतताना घाट चढलो. वर रस्त्याकडेला एक छोटं देऊळ आहे. नवं काम झालं की गाडीला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडं कुणी पुढं जात नाही. अण्णानं बॉनेट उघडलं आणि नारळ आणायला गेला. मी एकटाच होतो. मी हात घालून क्लिप दाबली आणि ती अर्धी बाहेर ओढली. त्याच्या जिवाला जपतोय, असं मनाशी म्हणत होतो. खरं म्हणजे त्याला तोंडावर 'थांब' म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

अण्णानं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. उरलेलं पाणी काळ्या डब्यावर शिंपडत म्हणाला, "ह्यालाबी पाजायला पायजे, नवीन पावणा हाय."

मग बॉनेट लावून चावी फिरवली. इंजिन नुसतं गरगरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. "पाणी गेलं आत," तो म्हणाला. "माझ्याच हातानं घालवली बघ." चावी काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. "सुहासला म्हणावं, ने."

घाटातून ट्रक घरघरत चढत होते. चावी गरम होती.

"अण्णा, पाण्यानं न्हाय," मी म्हणालो. "मी क्लिप काढलीय."

"का?"

"तुझा हात कापतोय. मला भ्या वाटतंय."

तो माझ्याकडं न बघता खाली उतरला. बॉनेट उघडलं, कापऱ्या बोटांनी क्लिप धरली. एकदा चुकली, दोनदा चुकली. मी मदतीला हात पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला. तिसऱ्यांदा टक् आवाज आला.

"माझा हात माझ्या खांद्याला हाय, बाळू. कापतोय ते मला आधी कळलं, का तुला?"



लिंबं चिरडून गाडी निघाली. हत्तरगी मागं पडलं. अण्णा नीट चालवत होता, आपल्या बाजूनं, कुणाशी चढाओढ न करता. काकतीच्या अलीकडं वाहनं दाटू लागली तशी त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, वळसा घालून माझ्या दाराशी आला.

"सरक तिकडं. इथनं पुढं तू चालव. गर्दीत मला जमत न्हाय आता."

मी जे चोरून काढून घ्यायला निघालो होतो, ते त्यानं रस्त्याच्या कडेला सहज माझ्या हातात दिलं. घरच्या ओट्यावर बसून विचारलं असतं, तरी कदाचित दिलं असतं. मी विचारलं नव्हतं.

कंग्राळीत पोचलो तेव्हा सुहास दारातच होता. मी स्टिअरिंगवर दिसताच त्याचा चेहरा उजळला. "बंद पडली न्हवं, काका?"

अण्णा पाय धुवायला गेला. या वेळी मी गप्प राहिलो नाही. अंगणातच उभा राहून, वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात, घाटात मी काय केलं ते सुहासला सांगितलं.