देव्हाऱ्याच्या दारावरचा मी

साड्यांवरच्या छापाची डिझाइनं काढून माझं पोट भरतं, म्हणून मी स्वतःला चित्रकार समजतो. घरात हे माझ्याखेरीज कुणाला पटलेलं नाही.

एकदा माझ्या गुजराती शेठनी मोबाइलवर एका चित्राचा फोटो पाठवला. "आ जरी जो, आमाथी बॉर्डर बनाव." युरोपातल्या कुठल्याशा चर्चमधला, काही शतकं जुना लाकडी देव्हारा होता तो, दारांसकट रंगवलेला. त्यातल्या येशूच्या आईच्या, मरियमच्या अंगावरची जरीची वेल मी बॉर्डरसाठी उचलली. कापडाला चुण्या पडल्या तरी वेल कुठेच मोडत नव्हती, म्हणून त्या चित्रकाराला मनातल्या मनात नापासही केलं. मग त्याची माहिती वाचत बसलो. एरवी ती दारं बंद असत, सणालाच उघडत. दारांवर बाहेरून, देव्हारा करवून घेणारे नवरा-बायको हात जोडून बसलेले. पुढे कुणीतरी दारं काढून विकली. आता देव एका देशात आणि ते जोडपं दुसऱ्याच देशात, समोरच्या भिंतीला हात जोडून.

वाचलं आणि माझ्या अंगात आलं. आई धुळ्याकडच्या आमच्या गावात एकटीच राहायची. न्हाणीत पाय घसरून पडली तर उचलायला कुणी नाही, याची मला सतत धास्ती. आठे ये, इकडे कोसाडला ये म्हटलं की तिचं एकच, तुमच्या दोन खोल्यांत माझ्या देवांना जागा कुठे? म्हणून सुताराकडून देव्हारा करवून घेतला आणि दारं स्वतः रंगवली. एकावर मी, दुसऱ्यावर बायको. मूळ चित्रात ती दोघं कोपऱ्यात बोटभर होती. मी आम्हाला दारभर काढलं. माझं पोट वगळलं आणि केस वाढवले.

देव आईकडे, त्यामुळे देव्हारा रिकामा. पण दारं बंद असल्याने ते कुणाला कळेना. शेजारच्या मावशी येऊन भक्तिभावाने दारावरच्या माझ्या कपाळाला कुंकू लावून गेल्या. बायको दिवसभर हसत होती.

शेवटी आई आली, तीही नुसतं बघून जाते म्हणून. देवांचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवेना. देव्हाऱ्यासमोर बसून तिने चष्मा पुसला.

"हाऊ कोन देव शे?"

"मीच शे, माय."

तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे. मग सुनेचं दार नीट न्याहाळलं.

"आनि मी कोठे शे?"

जिच्यासाठी हा खटाटोप, तिला काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जागाही उरली नव्हती, सगळी मीच खाल्ली होती. माझे केस पुसून तिथे तुला बसवतो, असं काहीतरी पुटपुटत मी रंगाच्या डब्या शोधायला उठलो.

तिने पदराने दारावरच्या माझ्या कपाळाचं कुंकू पुसलं, दारं उघडली आणि गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.

"सावकाश काढजो," ती म्हणाली. "आते मी आठेच शे."