चार बोटं पाणी

कार्ल्याची माझी अंबूमावशी साठीला आली तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. घाट उतरलं की दोन तासांचा रस्ता, पण तिचं आपलं एकच, "भात सोडून कुटं जाऊ?" मी तिच्याही वरताण. पुण्याच्या एका संस्थेत तीन वर्षं खाडीच्या भरती-ओहोटीचं गणित करत होते, आणि खाडी पाहिली होती फक्त नकाशावर. हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

गणित असं: खाडीचे नकाशावर चौकोन पाडायचे आणि कुठल्या चौकोनातून शेजारी किती पाणी गेलं, ते संगणकानं दर काही सेकंदांनी मोजायचं. तेरा दिवसांची भरती-ओहोटी सुरळीत निघे. मग अमावास्येची मोठी ओहोटी आली की काठचे चौकोन कोरडे पडत. संगणक तरी त्यांतून पाणी काढतच राही, पाण्याची खोली शून्याखाली जाई आणि सगळं ठप्प. माझ्या मार्गदर्शक निर्मला मॅडमनी शेवटचं सांगितलं होतं: सोमवारपर्यंत पुरे पंधरा दिवस चाललं नाही, तर पीएचडीचा हा विषय सोड.

शनिवारी मी तोंड लपवायला मावशीकडे गेले. भाताची लावणी चालू होती. खाचरातून आलेली मावशी चिखलाचे हात पाठीमागे धरून लॅपटॉपवर वाकली.

"ह्यो लाल चौकोन कसला?"

"त्यात उणे अर्धा मीटर पाणी आहे."

"उणं पाणी?" मावशी एवढी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. "अगं पायल, खाचरात चार बोटं पाणी राह्यलं की मी बांधाची वाट बुजवती. तू उघडीच ठिवतीस व्हय?"

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर धरले. त्याखाली पाणी गेलं की चौकोनातून बाहेरची वाट बंद, आत यायची उघडी. रविवारी संगणक पंधरा दिवस न कुरकुरता चालला. मी मावशीला मिठी मारली आणि ड्रेस चिखलात घालवला.

"ही युक्ती पुस्तकात आहे," मॅडम सोमवारी म्हणाल्या. "वाचलं असतंस तर वर्ष वाचलं असतं. विषय ठेव. पण सातच सेंटिमीटर का?"

मी खरं ते सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग खाडीवर जाऊन मोजून ये, किती उरलं की पाणी वाहायचं थांबतं ते. मावशींना घेऊन जा."

लावणी उरकल्यावर आम्ही खाडीवर गेलो, माझ्याच गणितानं काढलेल्या ओहोटीच्या वेळेला. समोर लांबवर नुसता चिखल.

"समुद्र कुटंय?"

"गेलाय. अगदी वेळेवर!" मी घड्याळ दाखवलं.

"एवढ्या लांब आणलंस ते त्यो गेल्यावर?"

कुरकुरत तिनं साडी खोचली, चिखलात शिरली आणि उरलेल्या पाण्यात बोटं आडवी धरून हात तळाला टेकवला.

"दोनच बोटं हाय गं. हितली माती येगळी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तीन वर्सं मोजतीस, आन् हात कदी घातला न्हाईस?"

"नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच कबूल केलं.

"मग घाल की."

मी बाह्या सारल्या. दोनच बोटं होती.