फक्कीची बादली

मंडळी, सकाळपासून बेचैन आहे.

आमच्या छोट्या कॉलेजात मुलांची आणि मुलींची, दोन्ही फुटबॉल टीम मीच बघतो. आज आधी मुलांची मॅच होती, मग मुलींची. पांढऱ्या फक्कीनं मैदान आखलं मुलींनी. नेहमी त्याच आखतात.

पहिल्या मॅचमध्ये रेषा पुसल्या गेल्या. मी सवयीनं फक्कीची बादली मुलींच्या कॅप्टनकडं, सानिकाकडं सरकवली.

ती बुटाची नाडी आवळत म्हणाली, "सर, आता आमची मॅच हाय. पोरं बसल्यात की मोकळी!"

पोरं सावलीत पोहे खात होती. मी बादली उचलली आणि स्वतःच रेषा मारली. वाकडी आली. मुली हसल्या.

मी वाकलो, पण पोरांना "उठा" म्हणालो नाही. का, ते अजून कळेना. तुम्ही म्हणाला असता?