कबुतरांच्या दोन सीडी

बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगलेल्या दोन सीडी आज पुसायला घेतल्या आणि डोंबिवलीतली ती दुपार आठवली.

वहिनीच्या टायपिंग क्लासचा एकुलता एक कॉम्प्युटर मी 'दुरुस्त' करताना पार पुसून टाकलेला, आणि दुसऱ्या दिवशी मुलींची परीक्षा. तो घरी आणून, माझ्या कॉम्प्युटरवर, सिस्टिमच्या जुन्या सीडीत नव्या सुधारणा घालून, वहिनीचा कॉम्प्युटर थेट जिच्यावरून सुरू होईल अशी सीडी मी बनवत होतो. दोन वाया गेल्या होत्या. ही शेवटची कोरी.

"हादरा बसला की संपलं!" असं मी दरडावल्यामुळे सगळे दिवाणावर पाय वर घेऊन बसलेले. बाबांनी नाक चिमटीत धरलं.

"शिंकू नका हो, अपशकुन होईल," आई कुजबुजली.

"अपशकुन समोर बसलाय," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली.

शिंकेनं सीडीचं काहीच बिघडत नाही, हे मला पुढे कळलं. बाबांना ते सांगायचा धीर झाला नाही.

अखेर कोमट सीडी बाहेर आली. वहिनीच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली.

"वहिनी, चालू झाला!"

बाबांनी साठवलेल्या शिंका एकामागोमाग सोडल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच वहिनी हसली.